नाकापेक्षा मोती जड

मंडळी, गेल्या हिवाळ्यात यानबूच्या समुद्रकाठी आपले संमेलन झाले. जेवणे आटोपल्यावर पुरुष मंडळी चहाचे पेले घेऊन सावलीत बसली आणि विषय गाड्यांवर आला. गल्फमधल्या मराठी माणसांना पगार, इकामा आणि गाडी या तीन विषयांवर रात्रभर बोलता येते हे आपण जाणताच. एका तरुण सभासदाने विचारले, "आम्ही दोघे-तिघे मिळून एक जुनी कॅरॅव्हान घेतोय. ती ओढायला कुठली गाडी चांगली?" लगेच चारी बाजूंनी उत्तरे आली. कुणी लँडक्रूझर म्हणाले, कुणी पॅट्रोल, कुणी जीएमसी. एका ज्येष्ठांनी तर एकेकाळी आपल्याकडे असलेल्या शेव्हरोले कॅप्रिसचे गुणगान सुरू केले. त्यांच्या मते तिला मशीदसुद्धा बांधली असती तर तिने ओढली असती!

मी गप्प बसलो होतो. कॅरॅव्हानचे वजन किती, हे त्या गर्दीत कुणीच विचारले नाही. चार वर्षांपूर्वी मीही विचारले नव्हते. न विचारल्याची किंमत काय असते ते मला चांगले ठाऊक आहे. म्हणून हा लेख. गाडीचा विषय आरोग्य आणि अर्थकारणाच्या पानावर कसा, असे कुणाला वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. ही जिवाची आणि खिशाची अशी दोन्ही गोष्ट आहे.

ती सकाळ

मी मूळचा खेड तालुक्यातला, आणि गेली एकोणीस वर्षे मदिनेत नोकरीला आहे. इथली हिवाळ्याची मजा नवीन वाचकांना थोडी सांगायला हवी. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत हवा अशी सुरेख होते की अरब कुटुंबे शहर सोडून उघड्या रानात मुक्कामाला जातात. त्याला इथे 'कश्ता' म्हणतात. तंबू, गालिचे, कोळशाची शेगडी, कहवा आणि अलीकडे कॅरॅव्हान. उत्तरेला खैबर, तिच्यापुढे अल-उला, पश्चिमेला बद्र आणि यानबूचा समुद्र. शेजाऱ्यांचे पाहून आपल्यालाही वाटते, पोरांना घेऊन जावे. त्यात काही गैर नाही.

चार वर्षांपूर्वी माझी आई खेडहून व्हिजिट व्हिसावर आली होती. तिला तंबूत खाली झोपवायचे नाही, पलंग हवा, बाथरूम जवळ हवे. म्हणून एका परिचिताची कॅरॅव्हान मी चार दिवसांसाठी मागून घेतली. माझी गाडी मध्यम आकाराची, सात आसनांची, मागे हूक बसवलेली. मनात आले, हूक आहे म्हणजे ओढता येते. बायको, दोन मुले, आई आणि मी पहाटेची नमाज उरकून निघालो.

मदिना समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे आणि यानबू समुद्राच्या पातळीवर. म्हणजे जाताना एकूण उतारच. निम्म्या वाटेवर एक लांबलचक ट्रेलर पुढे होता. त्याला मागे टाकावे म्हणून मी वेग शंभराच्या वर नेला. ट्रेलरच्या बाजूने पुढे निघताना वाऱ्याचा एक झोत बसला आणि मागची कॅरॅव्हान डावीकडे-उजवीकडे हलू लागली. आधी थोडी, मग जास्त, मग इतकी की माझ्या गाडीचा मागचा भागच तिच्याबरोबर झुलू लागला. मी घाबरून ब्रेक दाबला. त्याने हेलकावा वाढला. शेवटी पाय काढला, स्टिअरिंग घट्ट सरळ धरले, आणि कसेबसे सगळे थांबले. कडेला गाडी घेतली तेव्हा माझे हात थरथरत होते. धाकटी रडत होती. बायको काही बोलली नाही, आणि तिचे न बोलणे मला रडण्यापेक्षा जड गेले.

आई मात्र खाली उतरली, कॅरॅव्हानभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "बाबा, ही उलाळ भरलीय."

कोकणात किंवा देशावर ज्यांनी बैलगाडी पाहिली आहे त्यांना हा शब्द माहीत असेल. गाडीत ओझे मागे जास्त झाले की जू वर उचलले जाते आणि बैलांचा ताबा सुटतो. ती उलाळ गाडी. ओझे पुढे जास्त झाले तर बैलांच्या मानेवर भार येतो. आई म्हणाली, "तुझे आजोबा भाताच्या गोणी भरल्यावर आधी धुरेला हात लावून बघायचे, मग बैल जुंपायचे." मी इंजिनियर. माझ्या आईचे शिक्षण चौथीपर्यंत. पण त्या दिवशी रस्त्याच्या कडेला कोण शिकलेले होते ते तुम्हीच ठरवा.

काट्यावर काय दिसले

आम्ही रांगत, ऐंशीच्या आत, यानबूला पोचलो. तिथले आमचे एक इंजिनियर मित्र, मूळचे साताऱ्याचे, दुसऱ्या दिवशी मला भंगारवाल्याच्या वजनकाट्यावर घेऊन गेले. कॅरॅव्हानच्या पाटीवर रिकामे वजन १,२५० किलो होते आणि मी तोच आकडा डोक्यात धरून निघालो होतो. काट्याने दाखवले १,६४० किलो. हे चारशे किलो आले कुठून? शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. जनरेटर, गॅसची टाकी, बॅटरी, मागच्या पेटीत पाण्याचे जादा कॅन, गालिचे, खुर्च्या, तांदूळ, भांडी, आणि आईने सोबत घेतलेला पाटा-वरवंटा. थेंबे थेंबे तळे साचे, ते असे.

माझ्या गाडीच्या माहितीपुस्तकात ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी मर्यादा होती १,५०० किलो. म्हणजे मी १४० किलोने मर्यादा ओलांडली होती. गाडीचे स्वतःचे वजन १,७०० किलोच्या आसपास. ओढले जाणारे वजन ओढणाऱ्याच्या जवळजवळ बरोबरीचे झाले होते. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

मग कॅरॅव्हानच्या नाकाखाली, म्हणजे जिथे ती गाडीच्या हुकावर बसते तिथे, एक लाकडी ठोकळा उभा करून त्याच्याखाली घरचा माणसे मोजायचा काटा ठेवला. नाकावर भार निघाला फक्त ४० किलो, म्हणजे एकूण वजनाच्या अडीच टक्क्यांहूनही कमी. आईचे निदान काट्याने शंभर टक्के खरे ठरवले. जनरेटर आणि पाण्याचे कॅन मागच्या पेटीत होते ना!

मग गाडी निवडायची कशी?

माझे मत साधे आहे. आधी वजन, मग गाडी. आपण उलटे करतो. आधी मनात भरलेली गाडी ठरवतो आणि मग तिच्या नावावर विश्वास टाकतो. नाव ओझे ओढत नाही. आता एकेक बाब पाहू.

पहिली, कॅरॅव्हानचे भरलेले वजन. रिकामे नव्हे, भरलेले. निर्मात्याने जास्तीत जास्त किती भरता येईल तो आकडाही पाटीवर दिलेला असतो, तोच धरून चाला. माणूस रिकामी कॅरॅव्हान घेऊन रानात जात नाही.

दुसरी, गाडीची ओढण्याची मर्यादा. ती तुमच्याच गाडीच्या, तुमच्याच देशातल्या माहितीपुस्तकात बघा. ऑस्ट्रेलियात माझा मेहुणा आहे. तिथे लँडक्रूझरला ब्रेकच्या ट्रेलरसाठी ३,५०० किलोचा आकडा दिलेला आहे. त्याने फोनवर सांगितले आणि मी खुशीत आलो. पण एकाच नावाच्या गाडीला एका देशात एक आकडा असतो, दुसऱ्या देशात दुसरा. इंजिन, गिअरबॉक्स, थंड करण्याची व्यवस्था बदलते. काही मॉडेलांच्या पुस्तकात तर या गाडीने ट्रेलर ओढू नये असेच स्पष्ट छापलेले असते. तेव्हा मेहुण्याचा आकडा मेहुण्याकडेच राहू द्या. आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर मर्यादा एकदम खाली येते. पुष्कळ देशांत बिनब्रेकच्या ट्रेलरला ७५० किलोच्या वर परवानगीच नाही.

तिसरी, ओढणारा आणि ओझे यांचे प्रमाण. इंग्लंडमध्ये कॅरॅव्हानवाल्यांचे जुने क्लब नवख्या माणसाला सांगतात की भरलेली कॅरॅव्हान गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. हा कायदा नाही, अनुभवाचा सल्ला आहे. माझ्या १,७०० किलोच्या गाडीला तो हिशेब १,४४५ किलोवर थांबवतो. पुस्तकातली मर्यादा आणि हा ८५ टक्क्यांचा आकडा, या दोहोंत जो लहान तो आपला. साधारण दीड टनाची सेडान असेल तर कॅरॅव्हानचे नाव काढू नये. इथल्या बाजारातल्या बहुतेक कॅरॅव्हान तिच्या आवाक्याबाहेर आहेत.

चौथी, नाकावरचा भार. युरोपात एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के नाकावर ठेवायला सांगतात. अमेरिकेत कॅरॅव्हान जड, हुकाची पद्धत वेगळी, म्हणून तिथे १० ते १५ टक्के. आपली कॅरॅव्हान कुठल्या घडणीची आहे ते पाहून तिच्या पुस्तकाप्रमाणे ठेवा. भार कमी तर उलाळ, आणि फार जास्त तर गाडीचे मागचे दार जमिनीकडे झुकते, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. पुढची चाके ओढणारी गाडी असेल तर जोरही त्याच चाकांतून जातो, म्हणजे दुहेरी नुकसान. जड सामान नेहमी कॅरॅव्हानच्या आसाच्या वर, जमिनीलगत. जनरेटर मागच्या पेटीत कधीही नको.

पाचवी बाब बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. नाकावरचा भार गाडीच्या पोटात मोजला जातो. समजा गाडीचे वजन २,१०० किलो आणि एकूण भरून चालवायची मर्यादा २,८०० किलो. म्हणजे सातशे किलो भरता येतात. पाच माणसे ३५० किलो, डिकीतले सामान १०० किलो, टपावर कॅरिअर आणि गालिचे ५० किलो, नाकावरचा भार १२० किलो. झाले ६२०. राहिले ऐंशी. त्यात वाटेत "आम्हालाही घेऊन चला" म्हणणारे दोन पाहुणे बसले की गाडी मर्यादेबाहेर. ओढायची मर्यादा पाळली म्हणून भरायची मर्यादा पाळली असे होत नाही.

सहावी, इंजिन आणि उष्णता. ओझे ओढायला वेगापेक्षा जोर लागतो, तोही इंजिन फार किंचाळत नसताना. लहान इंजिनाची गाडी सपाटीवर ओढेल, पण एसी चालू, चढ लागलेला आणि वाळवंटाची हवा असे तिन्ही एकत्र आले की पाणी उकळते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल तापते आणि हा खर्च फार मोठा असतो. गिअरबॉक्सचे तेल थंड करायचा वेगळा कूलर आहे का ते विचारा. खाडीच्या देशांसाठी बनवलेल्या गाड्यांना थंड करण्याची सोय अधिक दमदार असते. बाहेरच्या देशातून आलेली जुनी गाडी स्वस्त दिसते, पण ती कुठल्या हवेसाठी बनवली होती ते पाहा. उंचीचेही ध्यानात ठेवा. टर्बो नसलेल्या इंजिनाचा जोर दर हजार मीटरला साधारण दहा टक्के घटतो. ताइफचा घाट चढायचा बेत असेल तर याचा विचार इथूनच करा.

सातवी, गाडीची बांधणी. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर लांब असले आणि मागच्या चाकापासून हुकापर्यंतचे अंतर कमी असले की कॅरॅव्हान गाडीला कमी हलवते. लांब जीएमसी सबर्बन ओझ्याखाली शांत चालते त्याचे हे एक कारण. चारही चाकांना जोर देणारी गाडी वाळूत उपयोगी, डांबरी रस्त्यावर ती असलीच पाहिजे असे नाही. पण कश्त्याला जाणारा माणूस डांबर सोडणारच, म्हणून असलेली बरी.

आठवी, जोडणी. अमेरिकी आणि ऑस्ट्रेलियन कॅरॅव्हानला बहुधा विजेचे ब्रेक असतात आणि ते चालवायला गाडीत वेगळा कंट्रोलर लागतो. युरोपातल्या कॅरॅव्हानचे ब्रेक धक्क्याने आपोआप लागतात. हुकाचा गोळा युरोपात ५० मिलिमीटरचा, अमेरिकेत बहुधा दोन इंचाचा, म्हणजे त्याहून किंचित मोठा. दिव्यांच्या प्लगाच्या पिनाही वेगवेगळ्या. जुनी कॅरॅव्हान घेताना हे जुळते का ते पैसे देण्याआधी पाहायचे, नंतर नव्हे.

नववी आणि शेवटची, टायर. टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा एक शिक्का असतो. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कॅरॅव्हान वर्षातले अकरा महिने उन्हात उभी असते. तिचे टायर झिजत नाहीत, पण आतून मरतात. नक्षी नवी दिसते आणि रबर म्हातारे झालेले असते. हवा नेहमी टायर थंड असताना, पहाटे निघण्यापूर्वी बघा.

वेगाचे गणित

इथल्या काही महामार्गांवर २०१८ पासून गाड्यांना ताशी १४० किलोमीटरची मुभा मिळाली. ती एकट्या गाडीसाठी, आणि तीही पाटी असेल तिथेच. कॅरॅव्हान मागे असताना जर्मनीत ताशी ८० ची मर्यादा आहे, आणि खास तपासणी करून घेतलेल्यांनाच १००. जर्मन माणूस वेगाला भिणारा नव्हे. तो गणित करतो. वेग ऐंशीचा शंभर केला, म्हणजे सव्वापट केला, की थांबवायची ऊर्जा ५६ टक्क्यांनी वाढते आणि हवेचा रेटाही तेवढाच वाढतो. यानबू मी वीस-पंचवीस मिनिटे आधी गाठले असते. तेवढ्यासाठी मी माझ्या आईला, बायकोला आणि दोन मुलांना त्या हेलकाव्यात घातले. आजही झोपेत कधी कधी तो झोका येतो.

आणि हेलकावा सुरू झालाच तर ब्रेक मारू नका, वेग वाढवून सरळ करायलाही जाऊ नका. पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा, वेग आपोआप उतरू द्या.

आता खिशाकडे

त्या सफरीनंतर मी पुढच्या आठवड्यात काय केले असेल? मोठ्या गाड्यांच्या शोरूममध्ये गेलो. भीती वाटली की माणूस खर्च करतो, आणि त्या खर्चाला 'कुटुंबाची सुरक्षा' असे नाव देतो. माझी गाडी विकून मोठी जीप घ्यायला वर साठ हजार रियाल लागत होते. हप्त्यांचे कागद जवळजवळ तयार होते. बायकोने तेव्हा तोंड उघडले. ती म्हणाली, "आपल्याला वर्षातून किती रात्री बाहेर झोपायचंय, ते आधी मोजा."

मोजले. सुट्ट्या, मुलांच्या परीक्षा, रमजान, उन्हाळा वजा जाता वर्षाला फार तर बारा रात्री. मग कागदावर असा हिशेब मांडला. आकडे माझे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

साठ हजारांची जादा गाडी पाच वर्षांनी विकली तर निम्मे गेले समजा, म्हणजे ३०,००० रियाल. हप्त्यावरचा नफा सपाट ४ टक्के धरला तर पाच वर्षांचे १२,०००. जादा विमा, टायर, सर्व्हिस आणि रोजच्या धावपळीचे जादा पेट्रोल मिळून वर्षाला २,५००, म्हणजे १२,५००. एकूण ५४,५०० रियाल. पाच वर्षांच्या साठ रात्रींनी भागले तर एका रात्रीला नऊशे रियालांच्या वर! आणि यात कॅरॅव्हानची किंमत धरलेलीच नाही. तेवढ्यात चांगल्या हॉटेलात सगळे कुटुंब राहून नाश्ताही होतो.

'सपाट ४ टक्के' या शब्दांनी फसू नका. सपाट दरात तुम्ही मुद्दल फेडत आलात तरी आकारणी पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर चालू राहते. पाच वर्षांच्या हप्त्याला सपाट ४ म्हणजे घटत्या शिलकीवर जवळजवळ साडेसात टक्के. वार्षिक खरा दर किती ते विचारून लिहून घ्या.

गंमत अशी की लोक हिशेब करतात तो पेट्रोलचा. १ जानेवारी २०१८ रोजी इथे ९१ नंबरचे पेट्रोल ७५ हलालांवरून १.३७ रियालवर गेले आणि जुलै २०२१ मध्ये २.१८ रियालवर गोठवले गेले, तेव्हापासून ही सवय लागली. पण अल-उलाला जाऊन-येऊन, इकडे-तिकडे फिरून सातशे किलोमीटर धरा. एकटी गाडी लिटरला ११ किलोमीटर देत असेल तर सुमारे १४० रियाल. कॅरॅव्हान मागे लावून साडेसहा देत असेल तर २३५. फरक शंभराच्या आत. पेट्रोलच्या शंभर रियालांवर आपण तासभर वाद घालतो आणि साठ हजारांच्या कागदावर दोन मिनिटांत सही करतो.

आणखी एक. आपण इथे कायमचे नाही. २०१७ च्या जुलैत कुटुंबातल्या प्रत्येक अवलंबितामागे महिन्याला १०० रियालांचा आकार सुरू झाला, तो वाढत २०२० मध्ये ४०० झाला. पत्नी आणि दोन मुले म्हणजे वर्षाला १४,४०० रियाल. १ जुलै २०२० पासून व्हॅट पाचाचा पंधरा टक्के झाला. या दोन गोष्टींनी आपल्यातली कितीतरी कुटुंबे मायदेशी परतली. कुणाला दोन महिन्यांत आवरावे लागले. अशा वेळी मोठी गाडी घाईत विकणारा मालक नसतो, बाजार मालक असतो. आणि नोकरी सुटल्यावर मिळणारी ग्रॅच्युइटी, पहिल्या पाच वर्षांना अर्ध्या महिन्याचा पगार आणि पुढे वर्षाला एक महिना, ही गाडीचे उरलेले हप्ते फेडण्यासाठी नसते. माझ्या मुलीच्या पुण्यातल्या कॉलेजचे पैसे त्यातच आहेत.

काही मित्र म्हणतात, "पैसा काय वर घेऊन जायचाय? मुले लहान आहेत तोवरच मजा." त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. ज्यांचे कुटुंब मोठे आहे, ज्यांना रोजच सात-आठ माणसे न्यावी लागतात, त्यांनी मोठी गाडी जरूर घ्यावी. तिचा उपयोग वर्षभर होतो, कॅरॅव्हान ही वरकड सोय. माझा विरोध मोठ्या गाडीला नाही. बारा रात्रींसाठी साडेतीनशे दिवसांची गाडी निवडायला आहे. कॅरॅव्हानने आपली गाडी निवडू नये, आपल्या गाडीने कॅरॅव्हान निवडावी.

आम्ही काय केले? आहे तीच गाडी ठेवली. हलका, ब्रेक असलेला एक तंबू-ट्रेलर दोन कुटुंबांत मिळून घेतला, भरून नऊशे किलोच्या आत. आणि आई आली की अल-उलाला उभ्या कॅरॅव्हानच्या मुक्कामाच्या जागा आता निघाल्या आहेत, तिथे दोन रात्री काढतो. ओढायचे काम नाही, पलंग आणि बाथरूम आयते.

तब्येतीच्या चार गोष्टी

कॅरॅव्हान चालू असताना तिच्यात कुणीही बसू नये, लेकरू झोपले असले तरी. थंडीत आत कोळशाची शेगडी नेऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी औषध बंद गाडीत ठेवू नये, आणि थंड पेटीत बर्फाला चिकटूनही ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन फेकूनच द्यावे. शंभर किलोचे नाक हाताने उचलून हुकावर बसवायचा पराक्रम पन्नाशीच्या पाठीने करू नये, त्यासाठी पुढचे लहान चाक असते. दर दोन तासांनी थांबावे. आणि रात्री प्रवास टाळावा. इथे रस्त्यावर उंट येतात, आणि ओझे मागे असताना उंटासमोर गाडी थांबत नाही.

निघण्यापूर्वी विमा कंपनीकडून एक गोष्ट लेखी घ्या. मागच्या कॅरॅव्हानने कुणाचे नुकसान केले तर ते तुमच्या पॉलिसीत बसते का? तोंडी 'हो' ला किंमत नाही. मुरूरच्या आणि तपासणीच्या नियमांत तुमचा हूक आणि ट्रेलर बसतो का, हेही आधीच विचारा.

मदिनेत हिजाझ रेल्वेचे जुने स्टेशन आहे. १९०८ साली दमास्कसहून रेल्वे इथे पोचली. त्याआधी तोच प्रवास कारवाँने, उंटांवर, सुमारे चाळीस दिवसांचा होता. कॅरॅव्हान हा शब्द त्या कारवाँचाच. गेल्या वर्षी आईला तिथे नेले होते. तिथले जुने इंजिन पाहून ती मला म्हणाली, "याला डबे किती लावायचे ते आधी मोजत असतील ना?" मी म्हटले, "हो." ती पुढे काही बोलली नाही. पण मला जे समजायचे ते समजले.

त्या तरुण सभासदाला माझे उत्तर हेच. गाडीचे नाव मला विचारू नकोस. आधी कॅरॅव्हान भरून काट्यावर ने, आणि तो आकडा घेऊन माझ्याकडे चहाला ये.